कोलेस्टेरॉल कमी आहे, मग चांगलंच की?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही कागल तालुक्यातले. माझा मुलगा पावणेचार वर्षांचा आहे, वजन अकरा किलो. जन्मला तेव्हा टाळूला फट होती, लघवीची जागा खाली होती, दोन्ही पायांची दोन-दोन बोटं चिकटलेली. दूध ओढायचाच नाही, नळीनं पाजलं. अजून बोलत नाही, रात्र रात्र झोपत नाही. आता जनुकाची तपासणी झाली. ‘डीएचसीआर७’ जनुकाच्या दोन्ही प्रतींत एकच बदल आहे, आजार स्मिथ-लेम्ली-ओपिट्झ सिंड्रोम, असं रिपोर्टात लिहिलंय. मी यांच्या सख्ख्या मामाची मुलगी, म्हणजे सासूबाई माझ्या आत्याच. तरी त्या म्हणतात, ग्रहणात मी भाजी चिरली म्हणून असं झालं. मामंजी म्हणतात, कोलेस्टेरॉल कमी आहे तर चांगलंच की, आम्ही गोळ्या खाऊन कमी करतोय. डॉक्टर अंड्याचा बलक द्या म्हणतात, पण घरात दोघं माळकरी, अंडं चालत नाही. दुसरं मूल होऊ द्यावं का?

उत्तर : ताई, आधी ग्रहणाचं मिटवू. अंगठ्याशेजारची दोन, म्हणजे दुसरं आणि तिसरं, हीच बोटं बाळाची चिकटलेली असणार. नीट बघा, मुळाशी एक आणि वर दोन फाटे, असा आकार दिसेल. हा आजार असलेल्या बहुतेक सगळ्या मुलांत ही खूण सापडते. गर्भात बोटं सुटी होण्याचं काम आठव्या आठवड्याच्या आसपास संपतं. अवयव कुठे, कसा घडायचा याचा निरोप पेशींना देणारं हेजहॉग नावाचं एक प्रथिन असतं. त्याला काम करायला कोलेस्टेरॉल लागतं. तेच अपुरं पडलं, म्हणून टाळू, बोटं, लघवीची जागा असं सगळं एकदम बिघडलं. तुमच्या विळीचा यात काहीही संबंध नाही. हे पान आत्याबाईंना वाचून दाखवा.

मामंजींचं म्हणणं मी दवाखान्यात बऱ्याच जणांकडून ऐकतो. कोलेस्टेरॉल म्हणजे रक्तवाहिनीत साचणारी घाण, एवढंच आपल्या डोक्यात बसलंय. खरं तर शरीरातल्या प्रत्येक पेशीची भिंत त्यानं बनते. मेंदू वजनानं शरीराचा पन्नासावा भाग, पण शरीरातलं पाव-पंचमांश कोलेस्टेरॉल एकट्या मेंदूत असतं. पित्त आणि कितीतरी हार्मोन्स त्यातूनच तयार होतात. मामंजींची गोळी स्टॅटिनची असेल, तर ती कोलेस्टेरॉल बनण्याच्या सुरुवातीच्या एका टप्प्याला लगाम घालते. त्यांच्या वयाला ते योग्य आहे, त्यांनी ती चालू ठेवावी. नातवाचं अडलंय ते अगदी शेवटच्या टप्प्यावर. ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, त्यातला एक दुहेरी बंध काढला की कोलेस्टेरॉल तयार होतं. हा बंध काढणारं एन्झाइम बनवण्याची माहिती डीएचसीआर७ जनुकात असते. ते लंगडं पडलं की दोन्हीकडून मार बसतो : तयार माल कमी पडतो आणि कच्चा माल साठत जातो. हा साठाही निरुपद्रवी नाही, त्याच्या ऑक्सिडेशनमधून पेशींना घातक पदार्थ बनतात.

स्मिथ, लेम्ली आणि ओपिट्झ या डॉक्टरांनी ही लक्षणं १९६४ साली एकत्र मांडली. कोलेस्टेरॉल शरीरात कसं बनतं याच्या शोधासाठी ब्लॉख आणि लायनेन यांना नोबेल मिळालं तेही १९६४ सालीच. तरी या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे कळायला १९९३ उजाडलं, आणि जनुक हाती लागलं १९९८ मध्ये. तुमच्या बाळाचं निदान लांबलं याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलवर विसंबू नका. त्या तपासणीत हा कच्चा मालही कोलेस्टेरॉल म्हणून मोजला जातो आणि आकडा बरा दिसू शकतो. ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलची वेगळी तपासणी लागते.

आता अंड्याचं. कोलेस्टेरॉल फक्त प्राण्यांपासूनच्या अन्नात असतं. शेंगतेल कितीही घाला, त्यात ते शून्य. चमचाभर तुपात साधारण १२ ते १५ मिलिग्रॅम, एका बलकात जवळजवळ २००. या मुलांना बहुधा दर किलो वजनामागे रोज ५० ते १०० मिलिग्रॅमच्या आसपास देतात, म्हणजे तुमच्या बाळाला किमान साडेपाचशे. तुपानं ते भागणार नाही. नेमकं प्रमाण तुमचे डॉक्टर ठरवतील.

माळकरी घराचा मान मला कळतो. माझी आईही माळकरी होती. आजोबांची माळ आजोबांच्या गळ्यात राहू दे, नातवाच्या वाटीतला बलक हे औषध आहे. त्याचं भांडं वेगळं ठेवा. अंडं पूर्ण उकडून बलक मऊ भातात कुस्करून द्या. कच्चं अंडं अजिबात नको, आणि कोल्हापुरात गंगावेशीत मिळतं तसलं धारोष्ण दूधही या बाळाला नको, दूध उकळूनच. तरीही मन घेत नसेल, तर शुद्ध कोलेस्टेरॉलची पावडर असते. ती बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीवरच्या मेणापासून काढतात, मेंढी मारावी लागत नाही. पुण्या-मुंबईच्या मेटाबॉलिक तज्ज्ञांकडे तिची चौकशी करा आणि ती कशापासून बनलीय हेही विचारा.

यातून काय मिळेल ते सरळ सांगतो. वजन, वाढ, तब्येत यांत बऱ्याच मुलांना फायदा होतो. मेंदूचं तसं नाही. रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत शिरत नाही, मेंदू स्वतःचं स्वतः बनवतो. म्हणून बलकानं बाळ बोलायला लागेल अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही. बोलण्यासाठी स्पीच थेरपी, हातापायांसाठी फिजिओथेरपी आजच सुरू करा. कान आणि हृदय तपासून घ्या.

आपल्याकडे तेल लावून बाळाला कोवळ्या उन्हात ठेवायची पद्धत आहे. एरवी मी तिच्या बाजूचा, कारण ऊन लागल्यावर कातडीत याच ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलपासून ड जीवनसत्त्व बनतं. पण या आजारात कातडी उन्हानं फार लवकर लाल होते, चुरचुरते. पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, सावली, एवढं सांभाळा.

एक गोष्ट बाळाच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. चिडचिड, झोप, स्वतःला मारून घेणं यासाठी पुढेमागे कुणी अ‍ॅरिपिप्राझोल, हॅलोपेरिडॉल किंवा ट्रॅझोडोन लिहून देईल. ही औषधं याच एन्झाइमला अडवतात, साठा आणखी वाढतो. लिहून देणाऱ्याच्या हे लक्षात असेलच असं नाही, तुम्ही सांगा. तसंच ऑपरेशन किंवा मोठं आजारपण आलं, तर मूत्रपिंडांवरच्या, हार्मोन्स बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचं काम तपासायची डॉक्टरांना आठवण करा.

दुसऱ्या बाळाविषयी. तुमच्याकडे आणि यांच्याकडे या जनुकाची एक-एक प्रत बिघडलेली, एक-एक चांगली. म्हणून तुम्ही दोघं ठणठणीत आहात. बदल एकच आहे, म्हणजे तो बहुधा तुमच्या आजी-आजोबांपैकी एकाकडून दोन्ही घरांत उतरला. यात दोष एकट्या सुनेचा नाही आणि मुलाचाही नाही. दर खेपेला बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक, पहिल्याला झाला म्हणून ती कमी होत नाही. मूल हवं असेल तर जरूर होऊ द्या, पण दिवस जाण्याआधी जेनेटिक्सच्या डॉक्टरांना रिपोर्ट घेऊन भेटा. बदल माहीत असल्यानं अकराव्या आठवड्यानंतर वारेचा कण घेऊन, किंवा पुढे गर्भजल तपासून, नक्की सांगता येतं. घरात आणखी कुणाचं मामा-आत्याकडे जमवायचं चाललं असेल, तर दोघांचीही तपासणी आधी करा.

प्रश्न : माझ्या नातीच्या पायाचीही अंगठ्याजवळची दोन बोटं अर्धी चिकटलेली आहेत. बाकी सगळं चांगलं आहे. तपासणी करू का? — एक आजी, इचलकरंजी

उत्तर : आजी, आधी तिच्या आई-वडिलांचे आणि तुमचे स्वतःचे पाय बघा. ही बोटं नुसती चिकटलेली असणं पुष्कळ घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालतं, त्याला आजार म्हणत नाहीत. तिचं वजन, डोक्याचा घेर आणि बोलणं वयाप्रमाणे असेल, तर तपासणीवर पैसे घालू नका.