हिंसेने होरपळलेल्या कुटुंबांसाठी तालुक्याच्या गावी आधार केंद्र उभं करायचं आहे. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की गावातल्या एका सद्गृहस्थांनी चार गुंठे जागा देऊ केली आहे, दहा-बारा जणांचा गट तयार आहे आणि आधी वर्गणी काढून इमारत बांधायची, मग समुपदेशक नेमायचा असं ठरतंय. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी बरीच वर्षं अशा केंद्रात समुपदेशक म्हणून काम करते. घरातल्या हिंसेचं काम मला माहीत आहे, म्हणून त्याबद्दलच लिहिते. माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा करा. आधी ऐकणारं माणूस, मग एक खोली. इमारतीचं पुढे बघता येईल.

मार खाणारी बाई ‘हिंसाग्रस्त कुटुंब आधार केंद्र’ अशा पाटीच्या इमारतीची पायरी चढत नाही. तिला तिथे कुणी पाहिलं तर ती घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के जणींनी कुणाकडे तरी मदत मागितल्याचं दिसलं. त्यांतल्याही बहुतेक जणी माहेरच्यांकडे गेल्या. पोलीस, डॉक्टर, वकील, संस्था यांचा नंबर फार मागे लागतो. म्हणजे दार उघडून तिची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. ती एरवी जिथे जातेच, तिथे आपण असायला हवं.

ती जागा बहुतेक वेळा दवाखाना असते. मुंबईत सेहत ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, ते याच विचाराने. आज मुंबईच्या अनेक पालिका रुग्णालयांत ते चालतं. दवाखान्यात जायला बाईला कुणी अडवत नाही, निदान सहज अडवत नाही. तुमच्या तालुक्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय असेलच. तिथल्या केस पेपरवर काय लिहिलेलं असतं ते एकदा सिस्टरांना विचारा. ‘पाय घसरून पडली’, ‘म्हशीने ढुशी दिली’, ‘दार लागलं’. दोन्ही दंडांवर बोटांचे वळ असतात आणि कागदावर मात्र म्हैस असते. त्याहून अवघड म्हणजे औषध प्यायलेल्या बायका. फवारणीचं औषध पोटात गेलेली बाई शुद्धीवर आल्यावर सासू उशाशी बसलेली असते, आणि जबाबात ‘खोकल्याचं औषध समजून चुकून घेतलं’ असं लिहिलं जातं. त्या दोन-तीन दिवसांत तिच्याशी एकटीशी कुणी बोललं तरच पुढचं काही घडू शकतं. वॉर्डातल्या सिस्टरने ‘नातेवाइकांनी बाहेर थांबा, तपासायचं आहे’ एवढं म्हटलं तरी पुरतं. आमच्याकडच्या कितीतरी केसेस अशा पडद्याआडच्या पाच मिनिटांत सुरू झाल्यात.

म्हणून पहिली भेट वैद्यकीय अधीक्षकांची घ्या. आठवड्यातून दोन दिवस ओपीडीच्या वेळेत एक टेबल आणि आडोसा असलेला एक कोपरा मागा. बहुतेक ठिकाणी तो मिळतो. मात्र मागायला गटातले पाच जण हार घेऊन जाऊ नका. कामाची माहिती असलेली एकच व्यक्ती जाऊ दे.

दुसरी जागा म्हणजे अर्ज भरून देणारी खोली. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा आमच्याकडे बायकांची रांग लागली होती, कारण आम्ही अर्ज भरून देत होतो आणि बँक खात्याला आधार जोडलंय का ते बघत होतो. खात्याचा नंबर सांगताना एखादी हळूच म्हणायची, ‘पण पैसे आले तर मॅसेज त्यांच्या फोनवर जातो का?’ हा प्रश्न आला की आम्ही फॉर्म बाजूला ठेवून चहा मागवायचो. घरी विचारलं तर तिला सांगता येतं की योजनेच्या कामाला गेले होते, आणि ते खरंच असतं. आमच्या पाटीवर म्हणूनच ‘महिला माहिती व सल्ला केंद्र’ एवढंच लिहिलंय.

खोलीबद्दल थोडक्यात. ती बाजारपेठेत असू दे, एकाकी नको. आत आणखी एक छोटी खोली हवी, जिथलं बोलणं बाहेरच्या बाकड्यावर ऐकू जाणार नाही. कुलूप लागणारं कपाट हवं, कारण नोंदी आणि बायकांचे मूळ कागद त्यात राहतात. आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा एखादा फोटो अशी पिशवी प्रत्येकीने घराबाहेर विश्वासातल्या माणसाकडे ठेवावी असं आम्ही सांगतो. ज्यांना असं माणूसच नसतं त्यांची पिशवी आमच्या कपाटात असते. भिंतीला कॅलेंडर हवं, पुढची तारीख तिला तिथेच दाखवता येते. कागदावर लिहून देऊ नका, तो घरी सापडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या गटात बरीच मंडळी प्रतिष्ठित आहेत असं दिसतं. अशा गटाचा पहिला कल ‘मिटवून टाकू’ असा असतो. दोन्हीकडच्यांना बोलवायचं, नवऱ्याला चार शब्द सुनवायचे, ‘पुन्हा हात उचलणार नाही’ असं स्टॅम्प पेपरवर लिहून घ्यायचं आणि तिला नांदायला पाठवायचं. कृपा करून हे करू नका. त्या स्टॅम्प पेपरने कुणाचा हात थांबत नाही, आणि तो मोडला म्हणून कुणाला तुरुंगात जावं लागत नाही. उलट पंचांसमोर तोंड उघडल्याची शिक्षा तिला घरी मिळते. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ चा आहे, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याखाली न्यायालयाने दिलेला संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. घर तिच्या नावावर नसलं तरी कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला तिथून बाहेर काढता येत नाही. हे ऐकल्यावर बायकांच्या चेहऱ्यात पडणारा फरक मी नेहमी बघते, कारण आयुष्यभर तिला ‘माझ्या घरातून चालती हो’ एवढंच ऐकवलेलं असतं.

तिला परत जायचं असेल तर जाऊ दे. पुष्कळ जणी जातात, काही अनेकदा जातात. पण तो निर्णय तिचा असावा, आणि जाताना तिच्याजवळ सुरक्षेची योजना असावी. कोणत्या शेजारणीकडे धावायचं, कोणता नंबर पाठ करायचा (महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२), भांडण पेटलं की स्वयंपाकघरातून आधी बाहेर कसं यायचं, हे सगळं तिच्याबरोबर बसून ठरवायचं. नवऱ्याशी बोलायचं झालं तर तिची तयारी असेल तेव्हाच, आणि हिंसा बरोबर की चूक ही चर्चाच तिथे करायची नाही. कायद्याच्या नियमांतही लिहिलंय की समुपदेशनात सामनेवाल्याला हिंसेचं समर्थन करू द्यायचं नाही. ‘तिने उलट उत्तर दिलं म्हणून’ हे वाक्य आलं की समुपदेशकाने तिथेच थांबवावं. त्यासाठी समुपदेशक प्रशिक्षित हवा. समाजकार्याची पदवी घेतलेली एक आणि त्याच भागातली, लोकांची भाषा बोलणारी एक, अशा दोघी असल्या तर काम चांगलं चालतं. दोघींनाही पगार द्या. सेवाभावावर हे काम वर्षभरही टिकत नाही, कारण रोज इतकं ऐकून माणूस आतून थकतं. महिन्यातून एकदा बाहेरच्या जाणत्या व्यक्तीबरोबर केस चर्चा ठेवा, त्याचा खर्चही अंदाजपत्रकात धरा.

आशाताईंची मदत घ्या, पण त्यांना केस हाताळायला लावू नका. त्यांना त्याच गल्लीत राहायचं असतं. त्यांनी नंबर पोचवला तरी पुष्कळ झालं.

मुलांबद्दल मला अधिक लिहायचंय, कारण ‘कुटुंबांसाठी केंद्र’ म्हणणारे बहुतेक जण त्यांना विसरतात. आई आत बोलत असते तेव्हा मूल बाहेर बसलेलं असतं. त्याच्यासाठी सतरंजी, खडू, माती आणि एक ताई एवढी सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. आमच्याकडे एक मुलगा यायचा. तो खेळायला बसण्याआधी दाराची कडी आतून लागते का ते दोनदा बघायचा. कुणी त्याला हटकलं नाही. काही महिन्यांनी तो कडी न बघता थेट सतरंजीवर जाऊन बसला, तेव्हा त्याच्या आईला आम्ही ते मुद्दाम सांगितलं. अशा मुलांना उपदेश नको असतो. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, तीच ताई भेटणं त्यांना हवं असतं. शाळेतल्या बाईंना विश्वासात घ्या, पण आईला विचारूनच. आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्यामुळे ‘इथलं बाहेर जात नाही’ असं वचन देतानाच हा अपवाद आईला आधी सांगून ठेवा.

ज्या घरात आईचा खून झाला आणि बाप तुरुंगात गेला, ती मुलं तर कुणाच्याच यादीत नसतात. पेपरात दोन दिवस बातमी येते, मग ती आजीच्या पदराखाली जातात. आजीचं स्वतःचं पोरीचं दुःख असतं आणि वर दोन नातवंडांची शाळा. मुलं कधी आजोळी, कधी चुलत्याकडे, आणि बापाला सोडवायच्या खटपटीत असलेल्या घरात त्यांना साक्ष फिरवायला शिकवलं जातं. या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये मिळू शकतात, पण बालकल्याण समितीपुढे (मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्यातली सरकारी समिती) जाणं, गृहचौकशी, दाखले जमवणं हे आजीला एकटीला झेपत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडून, नुकसानभरपाईही मागता येते. तुमच्या केंद्राने पहिल्या वर्षी अशा दोन-तीन घरांचे कागद जरी पूर्ण केले आणि दर महिन्याला त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलात, तरी ते मोठं काम होईल. आजीला रडायला कुणीतरी लागतं, आणि नातवंडांसमोर ती रडत नाही.

निवारागृह मात्र तुम्ही चालवू नका, निदान आत्ता नाही. सगळ्या तालुक्याला माहीत असलेल्या इमारतीत बाईला लपवता येत नाही. जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये (हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय असते, पुढे शासनमान्य निवारागृहं आहेत. तिथे पोचवण्यासाठी रात्री येईल अशी एक गाडी आणि खात्रीचा चालक ठरवून ठेवा. पैसे तिथे लावा.

नोंदणीचं असं आहे की संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदवून घ्या, पण लगेच ‘सेवा पुरवठादार’ (कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली काम करणारी मान्यताप्राप्त संस्था) म्हणून मान्यता मिळणार नाही. त्यासाठी अर्जाआधी किमान तीन वर्षं तेच काम केलेलं असावं लागतं. तोवर कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे हिंसेची ठरलेल्या नमुन्यातली नोंद, भरण्याचं काम या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत होईल. त्यांच्याकडे कामाचा डोंगर असतो, म्हणून नीट लिहिलेली टिपणं घेऊन गेलात तर ते तुम्हाला धरून राहतात. वकिलाची फी गरीब-श्रीमंत न बघता प्रत्येक बाईसाठी विधी सेवा प्राधिकरण देतं, हे तिला पहिल्याच भेटीत सांगा. कायद्यात ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न करावा असं म्हटलंय. प्रत्यक्षात पुष्कळ जास्त वेळ लागतो. तेही तिच्यापासून लपवू नका, आणि प्रत्येक तारखेला तिच्यासोबत कोर्टात जा.

राहिली जागा. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. त्यांना विचारून बघा की बांधकामाऐवजी तीन वर्षांचं खोलीचं भाडं आणि दोन पगार देतील का. जागाच द्यायची असेल तर ती संस्थेच्या नावावर बिनशर्त घ्या, घराण्याच्या नावाची पाटी लावायचं कबूल करू नका, आणि केसेसची माहिती दात्याला किंवा कार्यकारिणीला मिळणार नाही हे ठरावात लिहून घ्या. तालुका लहान असतो. उद्या एखाद्या प्रकरणातला नवरा त्यांचाच भाचा निघेल, आणि त्या दिवशी फोन येईल. फोन येण्याआधीच ठराव झालेला असावा.

तुमचा जिल्हा कोणता ते खाली लिहा. तिथल्या रुग्णालयात असं टेबल आधीच चालू असेल तर त्यांच्याबरोबर महिनाभर बसून बघता येईल, आणि नसेल तर अधीक्षकांना द्यायच्या पत्राचा मसुदा मी करून देते.