कळप नसलेला राखणदार

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

निवाऱ्यातल्या चार वर्षांच्या जर्मन शेफर्डला घरी आणण्याचा तुझा विचार पत्रातून कळला. जाळीवर उड्या मारणारा आणि अखंड भुंकणारा हा कुत्रा आपल्या फ्लॅटमध्ये कसा राहील, ही तुझी शंका रास्त आहे. मात्र ज्या दृश्यावरून ती आली, ते दृश्य भरवशाचे नाही. शेजारच्या पिंजऱ्यांतून दिवसभर गलका चालू असताना स्वस्थ बसेल असा शेफर्ड विरळाच. म्हणून निर्णयापूर्वी किमान तीनदा, वेगवेगळ्या वेळी तेथे जा आणि दर वेळी परवानगी घेऊन त्याला पट्ट्याने आवाराबाहेर फिरवून आण. पहिली दहा मिनिटे तो ओढेल, ती हिशेबात धरू नकोस. त्यानंतर तो वळून तुझ्याकडे पाहतो का आणि मांजर किंवा स्कूटर दिसल्यावर किती वेळात भानावर येतो, हे पाहा. मला विचारशील तर या दुसऱ्या गोष्टीला मी अधिक महत्त्व देतो.

माक्स फॉन श्टेफानिट्झ या माजी घोडदळ अधिकाऱ्याने १८९९ पासून जर्मनीतल्या मेंढपाळांच्या कुत्र्यांतून ही जात घडवली. कुंपण नसलेल्या पिकांच्या कडेने मेंढ्या चरत असताना त्या शेतात शिरू नयेत म्हणून दिवसभर दुडक्या चालीने येरझारा घालायच्या, हे त्या कुत्र्यांचे काम होते. घरात कळप नसला की असा कुत्रा मुलांच्या सायकलींना आणि घंटागाडीलाच कळप मानतो, आणि आपण त्याला द्वाड ठरवतो.

त्याला पळवून पळवून दमवावे, असा सल्ला तुला अनेक जण देतील. मीही माझ्या पहिल्या कुत्रीला सकाळ-संध्याकाळ टेकडीवर पळवत असे. दोन महिन्यांत तिचा दम वाढला आणि अस्वस्थता होती तेवढीच राहिली. फिरणे हवेच, पण त्याच्या जोडीला नाकाला आणि डोक्याला काम हवे. जेवणातला काही भाग गवतात विखरून किंवा घरात लपवून त्याला शोधायला लाव. आपल्या चटईवर निवांत पडून राहणे हेसुद्धा त्याला शिकवावे लागते, आणि तसा तो पडला की गुपचूप एखादा तुकडा देत जा. पहिले काही आठवडे पाहुणे बोलावू नकोस. घराची ओळख पटून खरा स्वभाव दिसायला दोन-तीन महिनेही लागतात. थोडा थोडा वेळ एकटे राहण्याची सवय मात्र सुरुवातीपासूनच लाव.

उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि सूर्यास्तानंतरच बाहेर ने. डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही, तर त्याच्या पावलांनाही ते सोसणार नाही. दुहेरी केसांचा थर उकाड्याच्या भीतीने कधीही भादरू नकोस. गोचिडांमुळे येणारा ताप आपल्याकडे नेहमीचा आहे, तेव्हा अन्न सोडले, हिरड्या फिकट दिसल्या किंवा नाकातून रक्त आले, तर त्याच दिवशी रक्त तपासून घे. या जातीत खुब्याच्या सांध्याचा विकार आढळतो; म्हणून दत्तक घेण्यापूर्वी पशुवैद्यांना मागचे पाय दाखव आणि गुळगुळीत फरशीवर जुन्या सतरंज्या अंथर. (आमच्या घरातल्या सतरंज्यांची शोभा त्यातच गेली.) जेवणानंतर तासभर तरी पळापळ नको, कारण खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, आणि तो जिवावर बेततो.

सोसायटीची चिंता करू नकोस. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केले आहे. रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना तेवढा वेळेवर घे.

खरा प्रश्न तुझ्या आईचा आहे. तू नोकरीवर असताना त्या पस्तीस किलोच्या जनावराला त्याच सांभाळणार आहेत. म्हणून येत्या रविवारी त्यांना सोबत ने, खिशात उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे ठेव आणि तो पहिली ओढाताण करून शांत झाला की पट्टा त्यांच्या हाती दे. त्यांनी नको म्हटले, तर त्याच निवाऱ्यातला एखादा संथ, वयस्क कुत्रा पाहून ये.

तुझा,
काका