पत्त्यांत आजी राणी, पण मग गुलाम कोण? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात भेटवस्तूंबद्दल लिहिताना आमच्या घरच्या पत्त्यांच्या कॅटचा जाता जाता उल्लेख केला होता, चित्रकाराकडून खास काढून घेतलेला. दोन ओळीच होत्या, पण त्यावरच इतके मेल आले की बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी घेते, आज फक्त पत्ते.

ताई, नमस्कार. डिसेंबरमध्ये आजी-आजोबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. दर मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं गावी जमतो आणि दुपारी जेवणं झाली की ओटीवर मेंढीकोट सुरू होतो तो थेट चहापर्यंत. म्हणून घरच्या माणसांची चित्रं असलेला कॅट करून द्यायचंय. एक चित्रकार मुलगी सापडलीय, काम मस्त आहे, पण ती एका चित्राचे १५०० घेते. ५४ पानांचे ८१ हजार झाले ना! आमचं बजेट छपाईसकट ३५. घासाघीस करू का? भाऊ म्हणतो एआयवर फुकटात होईल. (एक नात, नाशिक)

घासाघीस नका करू, चित्रं कमी करा. ५४ चित्रं कोणी सांगितली तुम्हाला? एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या पानांवर फक्त ठिपके असतात, बदाम-चौकट-किलवर-इस्पिक ही चार चिन्हं एकदा काढली की बाकी कॉम्प्युटरवर मांडणी, आणि ती मांडणी ती मुलगी वेगळे थोडेसे पैसे घेऊन करेल नाहीतर प्रेसवाला करेल. उरतात राजा-राणी-गुलाम, म्हणजे १२. एक जोकर, तोच दोनदा वापरा, एकात रंग काढून टाका. एक पाठ. झाली १४.

आता खरी गंमत इथे आहे. तुम्ही मेंढीकोट खेळता म्हणालात, मग तुमच्या घरात राजापेक्षा दश्शीची किंमत जास्त आहे की नाही? चार दश्श्यांसाठीच तर सगळी मारामारी, चारही आल्या की कोट. तर चित्र द्यायचंच असेल तर त्या चार दश्श्यांना द्या, आजोबांचं घर, विहीर, फणसाचं झाड, ओटी, जे काय असेल ते. हे त्या मुलीला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही, ती राजा-राणी सुंदर काढेल आणि दश्शी कोरडी सोडेल. बदाम सात खेळणारं घर असेल तर बदामाची सत्ती नटवायची, कारण डाव तिथूनच सुरू होतो. पाच-तीन-दोन वाले असाल तर दुर्री ते छक्की सगळी पानं आणि दोन सत्त्या बाजूलाच पडतात, त्यांच्यावर पैसे घालवून काय करणार. म्हणून चित्रकाराला फोटो पाठवायच्या आधी एक गोष्ट सांगायची, आम्ही काय खेळतो. ती जवळ राहत असेल तर एक डाव खेळायलाच बोलवा, चहा-पोह्यांत काम होईल.

तर १४ आणि ४, १८ चित्रं, २७ हजार. ३५ मधले ८ छपाईला उरले. शिवाय तिला हेही सांगा की राजा-राणी-गुलाम अर्धेच काढायचेत, खालचा अर्धा भाग म्हणजे वरचाच उलटा फिरवलेला. पूर्वी पत्त्यांवर डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण माणूस असायचा, मग हातात उलटा आला की लोक सरळ करायचे आणि समोरच्याला कळायचं की ह्याच्याकडे चित्र आलंय. त्यावर उपाय म्हणून ही दोन डोक्यांची पद्धत आली. आजीला दोन डोकी कशी काय, असं कोणीतरी काका विचारेलच, त्याला हे सांगा.

चेहरा मधे कितीही छान काढला तरी खेळताना तो दिसत नाही हे लक्षात ठेवा. हातात १३ पानं पंख्यासारखी धरली की प्रत्येक पानाची डावीकडची जेमतेम दीड सेंटीमीटरची पट्टी दिसते, म्हणजे कोपऱ्यातला आकडा आणि चिन्ह, बस. ८० च्या आजोबांना ते चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे, त्यामुळे कोपरा मोठा ठेवा आणि त्याच्यामागे पांढरं ठेवा, पैठणीचा काठ तिथपर्यंत नेऊ नका. लाल ते लाल, काळं ते काळंच ठेवा. सगळ्या साड्या मोरपिशी करून चौकटही मोरपिशी वगैरे प्रयोग बघायला भारी वाटतात आणि हुकूम लागल्यावर भांडणं होतात.

आकडे मराठीत हवेत असं बरेच जण म्हणतात, मीही म्हणाले होते. मग कळलं की राजाचा रा आणि राणीचाही रा! शिवाय १ आणि ९ लहान आकारात घाईघाईत सारखेच दिसतात. आम्ही शेवटी आकडे मराठी ठेवले, १ आणि ९ जरा जाड काढून घेतले, आणि राणीला णी. हसू नका, दुसऱ्या डावापासून सगळे ‘णी टाक णी’ म्हणायला लागले.

एआयचं म्हणाल तर भावाला एक आजी बारा वेळा काढून दाखवायला सांगा, बारा वेगळ्या बायकाही येऊ शकतात. शेजारणीसकट.

आणि डिसेंबर म्हणजे लांब आहे असं समजू नका. आधी पेन्सिलचे कच्चे स्केच मागा, ते साध्या कागदावर खऱ्या मापात प्रिंट काढा, कापून जुन्या कॅटवर चिकटवा आणि एक अख्खा डाव खेळा. चिकटवलेले पत्ते पिसताना हालत होते तरी आमच्या चार चुका ह्याच डावात सापडल्या. रंग भरल्यावर सापडल्या असत्या तर चित्रकाराला दोष देता आला नसता आणि पैसेही परत मागता आले नसते.

चित्रकार निम्मे पैसे आधी मागतोय, बरोबर आहे का? आणि चित्रं काढून झाल्यावर त्याने तीच चित्रं टी-शर्टवर छापून विकली तर? माझ्या सासूबाई टी-शर्टवर नकोत. (पुणे)

निम्मे आधी मागणं एकदम रास्त आहे. त्याने तुमच्यासाठी दोन महिने बाजूला ठेवले, दुसरी कामं सोडली. मी तीन हप्ते करते, सुरुवातीला, स्केच पास झाल्यावर, आणि फायली हातात आल्यावर. बदल किती वेळा फुकट ते आधीच ठरवा, स्केचमध्ये दोनदा, रंगात एकदा, पुढे पैसे. नाहीतर घरातले १७ जण १७ वेळा ‘माझं नाक असं नाहीये’ म्हणणार. घराकडून चित्रकाराशी बोलणारा माणूस एकच ठेवा.

हक्कांचं सगळेच उलटं समजतात. लोकांना वाटतं चित्र ज्याने काढलं हक्क कायम त्याचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मूळ नियम तसाच आहे, पण कलम १७ मध्ये अपवाद आहे, पैसे देऊन सांगून काढून घेतलेलं पेंटिंग किंवा पोर्ट्रेट असेल आणि दोघांत वेगळा करार नसेल तर पहिला मालक सांगणारा, म्हणजे तुम्ही. आता टॅबवर काढलेला किलवरचा राजा हे पेंटिंग की आणखी काही, ह्यावर वकील लोक खुशाल वाद घालू देत, तुम्ही अर्ध्या पानावर लिहून सह्या करा. त्यात हे यायला हवं की छापून घरी वाटणार की विकणार, त्याने स्वतःच्या पोर्टफोलिओत दाखवायची का, दुसऱ्या वस्तूवर वापरायची का. हक्क तुमच्या नावावर करून घेत असाल तर मुदत लिहा, नाही लिहिली तर कायदा ५ वर्षंच धरतो, आणि प्रदेश नाही लिहिला तर फक्त भारत. चित्रकार म्हणून त्याचं नाव मात्र त्याचंच राहतं, ते पैसे दिले म्हणून पुसता येत नाही. उलट इस्पिकच्या एक्क्यावर त्याची सही छोटीशी घ्या, छान दिसते. आणि सासूबाईंना विचारलंत का? टी-शर्ट सोडा, त्यांना पत्त्यांवर तरी यायचंय का ते आधी विचारा.

मला छापील नको, सावंतवाडीसारखी गोल गंजिफा (हाताने रंगवलेले जुन्या पद्धतीचे पत्ते) हवी आहे, पण दशावताराऐवजी वारकरी संतांची. परदेशात राहतो, भारतात आलो की घेऊन जाईन. चित्रकाराला काय सांगायचं? (म्युनिक)

वा! पण आधी हिशोब समजून घ्या, कारण इथे वरचं सगळं गणित उलटं होतं. दशावतारी गंजिफेत १२० पानं, दहा अवतारांचे दहा रंग (आपल्या बदाम-किलवरसारखे) आणि प्रत्येक रंगात बारा, राजा, प्रधान आणि एक ते दहा. छापील कॅटमध्ये ठिपक्यांची पानं जवळजवळ फुकट पडतात असं मी वर म्हटलं, गंजिफेत नाही, तिथे प्रत्येक मासा, प्रत्येक कासव, प्रत्येक परशू ब्रशने काढलेला असतो. एका रंगात एक ते दहा मिळून ५५ चिन्हं, दहा रंगांची ५५०. वर २० राजे-प्रधान. हे सगळं तळहातात मावणाऱ्या गोल चकतीवर. त्यामुळे किंमत ऐकून ‘पत्त्यांचे एवढे?’ असं म्हणू नका.

सावंतवाडीत ही कला जवळजवळ संपत आली होती, तिथले राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी ह्यांनी राजवाड्यातच चितारींना बसवून ती परत उभी केली, आणि अजूनही राजवाड्यात गेलात तर कलाकार मांडी घालून रंगवताना दिसतात. म्हणून पहिली गोष्ट, ईमेलवर ऑर्डर टाकायच्या आधी एकदा तिथे जाऊन अर्धा तास बसा. चितार आळीतून लाकडी फळं घ्यालच. पूर्वी ही पानं कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर घोटून, लाखेचा हात देऊन करायचे. आता बहुतेक ठिकाणी कागदी पुठ्ठा असतो, तुम्हाला काय हवंय ते स्पष्ट विचारा.

आता वारकरी. संत दहा ठरवणं सोपं आहे, भांडण चिन्हांवर होईल. विठ्ठलाची वीट, तुकोबांची वीणा, गोरोबांचं मडकं, सावतोबांचा मळा (की मुळा?), जनाबाईंचं जातं, नामदेवांची पायरी. चिन्ह असं हवं की एकाच पानावर दहा वेळा काढता येईल आणि लांबून दुसऱ्याशी गल्लत होणार नाही. वीट आणि पायरी दोन्ही चौकोन, मेलात! मडकं आणि जातं दोन्ही गोल. पार्श्वभूमीवरच वेगळं करावं लागेल, म्हणून प्रत्येक संताच्या पानांची जमीन वेगळ्या रंगाची ठेवा, गंजिफेत तसंही पान कुठल्या अवताराचं ते पार्श्वभूमीवरून ओळखतात. पाठी मात्र सगळ्या एकाच साध्या रंगाच्या, त्यात नक्षी मागू नका.

अजून एक, खेळणार असाल तर अर्ध्या रंगांत दहा मोठा आणि अर्ध्या रंगांत एक मोठा असतो, दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे तो उतारी करतो (पहिलं पान टाकतो) आणि रात्री कृष्णाचा. तुमच्या संतांत दिवसाचा कोण, रात्रीचा कोण हे तुम्हालाच ठरवावं लागेल, चितारी ते ठरवून देणार नाही. माझं मत विचाराल तर एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा दशावतारीच घ्या आणि नवव्या जागी विठ्ठल काढून मागा. आपल्याकडच्या काही जुन्या पंचांगांत बुद्धाच्या जागी विठोबा काढलेला असायचा, त्यामुळे ते ओढूनताणून वाटणार नाही.

छापायचं कुठे? व्हिजिटिंग कार्डवाला म्हणतो आम्ही करतो. (कोल्हापूर)

त्याच्याकडचं एक कार्ड उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसलं तर नको. पत्त्यांच्या पुठ्ठ्यात मधे काळा किंवा निळा थर असतो, उजेड अडतो, आणि वाकवला की सरळ होतो. साध्या आर्ट कार्डावर चकचकीत लॅमिनेशन केलं की पानं एकमेकांना चिकटतात, पावसाळ्यात तर पिसताच येत नाहीत. माप सांगताना ६३ बाय ८८ मिलिमीटर की ५७ बाय ८८ ते ठरवा, लहान हात आणि १३ पानं असतील तर दुसरं. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचं चित्र (ते कापण्यात जातं), ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), आणि स्क्रीनवरचा झगमगीत हिरवा छपाईत येत नाही हे चित्रकाराला माहीत असतं, तुम्ही फक्त त्याला आणि प्रेसला एकमेकांशी बोलायला लावा.

पाठीबद्दल मात्र माझं ऐका. आमच्या पहिल्या कॅटच्या पाठीवर वारली झाड होतं, सुंदर, पण त्याला वर-खाली होतं. दुसऱ्या दिवशी आत्याने सगळे एक्के झाड उलटं येईल असे लावून ठेवले आणि तीन डाव सलग जिंकली, आणि कबूल केलं ते थेट दिवाळीत. वर प्रेसने कापताना पाव मिलिमीटर इकडेतिकडे केलं होतं, त्यामुळे पांढरी बॉर्डर एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक, म्हणजे आणखी एक खूण. पाठ कशीही फिरवली तरी तीच दिसली पाहिजे आणि नक्षी कडेपर्यंत गेली पाहिजे, बॉर्डर नकोच.

आमच्याकडे सगळं ठरलंय, फक्त गुलाम व्हायला कोणी तयार नाही. जावयांना विचारलं तर ते दोन दिवस बोलले नाहीत. (डोंबिवली)

जावयांना विचारलंच कशाला!! माणसं घेऊच नका. आमच्याकडे चार गुलाम म्हणजे बदामाला मांजर, चौकटीला गावच्या घरचा रेडिओ, इस्पिकला कायम बंद पडणारा पाण्याचा पंप आणि किलवरला आजोबांची जुनी लुना. किलवरचा गुलाम पडला की काका अजून ओरडतात, ‘पॅडल मार, पॅडल मार!’