वर गेलं की आवाज का फाटते?

प्रश्न : गुरुजी, मी १९ वर्षांचा आहे. साकोली तालुक्यातल्या (जि. भंडारा) आमच्या गावी भजनात गातो, दिवाळीनंतर मंडईला (गावच्या जत्रेला) दंडारीतही (आमच्याकडचं लोकनाट्य) गातो. भजनाला काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) ‘सा’ म्हणून धरतात, तेव्हा वरच्या गंधारापाशी माझा आवाज फाटते. दंडारीत काळी तीन असते, तिथे निषादालाच फाटते. त्याच्या वर पोरीसारखा बारीक आवाज निघते. मित्र म्हणतात हा खोटा आवाज. माझा गळा बिघडला का?

उत्तर : बाबू, गळा बिघडला नाही. अर्धं उत्तर तूच लिहून पाठवलं आहेस. पेटी पुढ्यात घे. काळी एकचा वरचा गंधार दाब, मग काळी तीनचा निषाद दाब. दोन्ही वेळा बोट पांढरी चारवरच पडेल. म्हणजे दोष गंधाराचा नाही, निषादाचाही नाही. तुझ्या गळ्यातला सांधा, म्हणजे भरीव आवाज सुटून बारीक आवाज लागतो ती जागा, त्या उंचीवर आहे. बहुतेक पुरुषांचा तो तिथेच, थोडा मागेपुढे, असतो.

खाली गाताना स्वरतंतू जाड आणि सैल असतात, पूर्ण जाडीनिशी एकमेकांवर मिटतात. छातीवर हात ठेव, थरथर लागेल. तो भरीव आवाज. काळी एकच्या षड्जाला ते सेकंदाला सुमारे १३९ वेळा मिटतात, तुझ्या पांढरी चारला ३४९ वेळा. एवढ्या वेगासाठी तंतू ताणून पातळ व्हावे लागतात. ताण देणारा स्नायू वेगळा, जाडी राखणारा वेगळा. तू जाडी न सोडता जोर लावत वर जातोस. मग जाडी राखणारा स्नायू एकदम सुटतो आणि तंतूंच्या नुसत्या कडा हलू लागतात. तो झटका म्हणजे तुझं फाटणं. किशोरकुमार यॉडलिंग करताना हाच झटका मुद्दाम, हव्या त्या जागी देत.

आणि बारीक आवाजाला खोटा म्हणू नकोस. तोही तुझ्याच तंतूंचा आहे. फक्त ते पुरते मिटत नाहीत, म्हणून त्यात वारा ऐकू येतो. सोळाव्या वर्षी मी दंडारीत राधा झालो होतो. दवाच्या रात्री दोन तास छातीच्या जोरावर गौळणी ओढल्या, आणि पहाटे आवाज पूर्ण बसला. आठ दिवस घरी खुणेनंच बोलत होतो. त्यानंतर गावच्या एका म्हाताऱ्या पेटीवाल्यानं मला वर चढायचं बंद करून वरून उतरायला लावलं. आजही मी पोरांना तेच शिकवतो.

तू असं कर. काळी एक धर. बारीक आवाजात, अगदी हळू, वरच्या पंचमावर ‘ऊ’ लाव आणि एका श्वासात मधल्या षड्जापर्यंत घसरत ये. सांध्यापाशी आवाज वाढवू नको, उलट कमी कर. सुरुवातीला खड्डा पडेल, पडू दे. लहान पोरं ट्रॅक्टर चालवताना ओठांची फुर्र करतात ना, तसंच फुर्र करत हेच उतर. त्यानं गळा आवळत नाही. सकाळी दहा मिनिटं पुरे. काही महिन्यांत भरीव आणि बारीक यांच्यामधला मिश्र आवाज सापडू लागेल, मग त्याच वाटेनं वर जा. घाई केलीस तर पुन्हा जोर लावशील.

खर्रा (तंबाखू-सुपारी) खात असशील तर सोड, हे हात जोडून सांगतो. गळा कोरडा पडतो ही त्यातली सर्वांत लहान गोष्ट आहे. घोगरेपणा तीन आठवडे राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव.

या मंडईपर्यंत मात्र सांधा जुळून येणार नाही. म्हणून पेटीमास्तरांना आत्ताच सांग, तुझ्या गौळणीपुरती काळी तीन सोडून पांढरी एक धरा. मग तुझा सांधा वरच्या मध्यमावर जाईल. चाल तिथवर जात नसेल, तर भरीव आवाजातच सगळी गौळण होईल.