संगीतप्रेमींच्या ब्लॉगांचे काय झाले?

प्रश्न : पंधरा-वीस वर्षांपूर्वी हौशी संगीतप्रेमी स्वतःचे ब्लॉग चालवून दुर्मिळ ध्वनिमुद्रणे ऐकवत असत. आज महिन्याचे शुल्क भरले की कोट्यवधी गाणी हाताशी असतात, तरी त्या ब्लॉगांची उणीव भासते. ही निव्वळ तरुणपणाची हळहळ समजावी का?

उत्तर : हळहळ थोडी आहेच. टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या ५६ केबीपीएसच्या संथ मोडेमवर एक गाणे उतरवायला १० मिनिटे सहज लागत आणि वाट पाहण्याने गाण्याची गोडी उगीचच वाढत असे. तरीही उणीव खरी आहे. एमपीथ्री ब्लॉगांत, म्हणजे गाण्यांच्या फायली उतरवून घ्यायला देणाऱ्या ब्लॉगांत, अगदी आरंभीचा मानला जाणारा ‘फ्लक्सब्लॉग’ २००२ मध्ये सुरू झाला. त्याच्यासारख्या, नव्या गाण्यांची शिफारस करणाऱ्या ब्लॉगांचे काम आज इतर माध्यमे करतात, त्यामुळे त्यांच्याविषयी मला फारसे वाईट वाटत नाही. मोलाचे होते ते बाजारातून केव्हाच नाहीशा झालेल्या तबकड्या आणि कॅसेटी घरी डिजिटल करून, वेष्टनावरचा मजकूर, वादकांची नावे आणि स्वतःचे सडेतोड मत यांसह मांडणारे ब्लॉग. ज्या मुद्रणाची कंपनी बुडाली आणि हक्क कोणाकडे आहेत हेच ठरत नाही, ते स्ट्रीमिंग सेवांवर रीतसर येणार कसे?

अर्थात, बहुतेकांनी परवानगी घेतलेली नसे, म्हणून हक्कधारकांची तक्रार गैर म्हणता येत नाही. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑसम टेप्स फ्रॉम आफ्रिका’ या आफ्रिकी कॅसेटींच्या ब्लॉगने पुढे कलावंतांशी करार करून निवडक कॅसेटी रीतसर प्रकाशित केल्या, इतकी चिकाटी मोजक्यांनीच दाखवली. फेब्रुवारी २०१० मध्ये गूगलने आपल्या ‘ब्लॉगर’ या सेवेवरचे असे अनेक संगीत ब्लॉग हक्कभंगाच्या तक्रारींवरून काढून टाकले. जे उरले त्यांवर लेख होते, पण गाण्यांच्या फायली मेगाअपलोड, रॅपिडशेअर अशा फायली साठवणाऱ्या परक्या सेवांवर होत्या. त्यांपैकी पहिली सेवा जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकी सरकारच्या कारवाईने बंद झाली आणि दुसरी २०१५ मध्ये गुंडाळली गेली.

आपल्याला एखाद्या ब्लॉगचा जुना पत्ता आठवत असेल, तर तो इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संग्रहात, टाकून पाहावा. फाइल क्वचितच मिळते, मात्र लेख बरेचदा शाबूत असतो, आणि त्यातील तबकडीचे नाव व क्रमांक हाती आला की जुन्या तबकड्यांच्या विक्रेत्याकडे नेमकी विचारणा करता येते.