हंगाम तीन-चारच, पाठ एकच

प्रिय मुला,

कॉलेजच्या क्रिकेट संघाच्या निवड चाचणीच्या यादीत वेगवान गोलंदाज म्हणून तुझं नाव आलं, फार बरं वाटलं. आता हिशेबाचं बोलतो. विद्यापीठाकडून पंचविशीपर्यंतच खेळता येतं, म्हणजे तुझ्या हातात तीन-चार हंगाम. महाविद्यालयांचे सामने बाद पद्धतीचे. पहिलाच हरलात तर वर्ष दोन स्पेलमध्ये, म्हणजे सलग षटकांच्या दोन फेऱ्यांत, संपतं. आपल्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या प्रा. देवधरांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर महाराष्ट्राला सलग दोनदा रणजी जिंकून दिली, १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये. पण ते फलंदाज होते. वेगवान गोलंदाजाला एवढी मुदत मिळत नाही.

पुण्यात हंगाम बुडतो तो बहुधा ऑक्टोबरात. पावसाळाभर मैदानं ओली, नेटमधला सराव बंद. मग ऊन पडलं की मुलं रोज दोन-दोन तास चेंडू टाकत सुटतात. दम आणि स्नायू पंधरा दिवसांत साथ देतात, कमरेच्या मणक्याचं हाड देत नाही. त्याला बारीक तडा जातो आणि चार-सहा महिने घरी बसावं लागतं.

म्हणून ऑगस्टमध्येच सुरुवात कर. सिमेंटवर नको, मॅटवर. एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा, पाच-पाच षटकं, पाऊण जोरानं. दर आठवड्याला एक षटक वाढव. आठव्या आठवड्यात बारावर येशील. प्रत्येक चेंडू वहीत लिही. फलंदाजानं 'अजून सहा टाक रे' म्हटल्यावर टाकलेलेसुद्धा. घोळ इथेच होतो: क्लबच्या प्रशिक्षकांना कॉलेजचा आकडा माहीत नसतो, कॉलेजच्या सरांना क्लबचा. वही दोघांनाही दाखव.

तू उजव्या हातानं टाकतोस. कंबर डावीकडे दुखू लागली आणि डाव्या पायावर उभं राहून मागे वाकताना तिथेच कळ आली, तर त्याच दिवशी थांब. दुखणं दाबणारा फवारा मारून खेळू नकोस. सुरुवातीचा तडा साध्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही, तेव्हा डॉक्टरांना एमआरआयचं विचार.

जन्मतारखेचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, बोनाफाईड यांच्या प्रती आत्ताच क्रीडा संचालकांकडे दे. कागदापायी नाव गळणं सगळ्यात वाईट.

आणि सामना मॅटिंगवर (अंथरलेल्या चटईवर) आहे की टर्फवर (मातीच्या खेळपट्टीवर), हे आदल्या दिवशीच विचार. मॅटिंगवर स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) चालत नाहीत, रबरी तळाचे बूट घे. तिथे चेंडू जास्त उसळतो. टप्पा हातभर पुढे, फलंदाजाच्या जवळ ठेव.

तुझा,
काका