पहिला स्कॅफोल्ड करताना

अगं, नाशिकमध्ये बसून जखमेसाठीचा स्कॅफोल्ड (पेशींना वाढायला आधार देणारा सच्छिद्र सांगाडा) जमेल का, ही शंकाच नको. कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) आणि जिलेटिनच्या मिश्रणापासून सुरू कर, महागडं कोलॅजन (त्वचेतलं मुख्य प्रथिन) नंतर.

सगळ्यात जास्त जीव छिद्रांवर लाव. पेशी आत शिरतात त्या तिथूनच. त्वचेसाठी साधारण २० ते १२५ मायक्रोमीटर धर. द्रावण गोठवून वाळवलं की बर्फाच्या कणांच्या जागी छिद्रं उरतात. सावकाश गोठवलंस तर छिद्रं मोठी, झटकन गोठवलंस तर बारीक; म्हणून गोठवण्याचा वेग दर वेळी वहीत लिही.

नवखे इथे चुकतात:
- कायटोसान विरघळवायला वापरलेलं ॲसिटिक आम्ल नीट काढत नाहीत.
- क्रॉसलिंकिंगसाठी (रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडून घट्ट करण्यासाठी) वापरलेलं ग्लुटाराल्डिहाइड उरतं, पेशी मरतात, आणि दोष पेशींना देतात.
- क्रॉसलिंकिंगशिवाय जिलेटिन ३७ अंशांत ठेवतात, ते विरघळतं.

आपल्याकडच्या पावसाळ्यात वाळवलेला तुकडा सिलिका जेलसोबत बंद डब्यातच ठेव. माझे पहिले दोन ओलाव्याने आक्रसले, फार वाईट वाटलं होतं. थ्रीडी प्रिंटिंगचं पुढे बघू.